पुढं येणारा गोली

कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल टीमकडून गोली म्हणून खेळायचो, तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या खांब सोडून पुढं आल्याबद्दल. "गोलात उभं राहायला ठेवलंय तुला, फिरायला न्हाई!" आता नोकरीसाठी जर्मनीत न्यूर्नबर्गला आहे, आणि इथं येऊन कळलं की शंभर वर्षांपूर्वी या गावचा सगळ्यात लाडका गोली नेमकं हेच करत होता. हायनर श्टुल्फाउट, जन्म १८९६.

जुन्या फोटोंत करडा स्वेटर आणि टोपी दिसली की समजायचं, हाच. उडी मारून मातीत लोळणं त्याला फारसं पटायचं नाही. डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या चौकटीच्या, बाहेर धावत यायचं आणि बॉल पायानं लांब उडवून द्यायचा. तेव्हा मागं दोनच बॅक असायचे, हा तिसरा. १९१२ पासून गोलीला डीबाहेर बॉलला हात लावायची बंदी होती, त्यामुळे बाहेर पडायचं तर पायात दम हवाच.

न्यूर्नबर्गच्या क्लबनं त्याच्या काळात १९२०, २१, २४, २५ आणि २७ ला जर्मनीचं अजिंक्यपद मिळवलं. या पाचही फायनलमध्ये पठ्ठ्यानं एकही गोल खाल्ला नाही! त्यातली १९२५ची तर जादा वेळेत गेली होती.

१९२२च्या फायनलचा किस्सा मात्र भन्नाट. बर्लिनला हांबुर्गशी ९० मिनिटांत २-२. पेनल्टी शूटआउट नाही, बदली खेळाडू नाही. खेळत राहिले, पार १८९ मिनिटं, अंधार पडेपर्यंत. लाइपझिगला पुन्हा मॅच ठेवली. तिथं १-१ असताना न्यूर्नबर्गचे दोघे बाहेर काढलेले, दोघे जायबंदी. सातच गडी उरले आणि रेफ्रीनं मॅच थांबवली. अजिंक्यपद हांबुर्गला दिलं, तर त्यांनी ते सोडून दिलं. आपल्याकडं एवढ्यावर काय काय झालं असतं, सांगायला नको.

देशासाठी तो २१ मॅच खेळला, १९२० ते १९३०. त्यातली १९२९ची तुरीनची, इटलीला त्यांच्याच घरात २-१ हरवलेली, इथले म्हातारे अजून कौतुकानं सांगतात.

परवा त्याचा फोटो आणि ही सगळी माहिती जुन्या कोचना व्हॉट्सॲपवर पाठवली. बघा, मी बरोबर होतो म्हटलं.

उत्तर आलं, "त्याच्या पायाला बॉल लागत हुता. तुझ्या लागला का कधी?"