दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊला जाण्याआधीची परीक्षा

मी नागपूरची, सिव्हिल इंजिनिअर. नोकरीची बहुतेक वर्षं काटोल, नरखेड, कुही, भिवापूर या भागांत ग्रामीण पाणीपुरवठ्याची कामं करण्यात गेली. युद्धामुळे घरदार सोडून पळालेल्या लोकांना पाणी आणि संडास पुरवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेत माझी निवड झाली. तेव्हापासून खात्यातली बरीच मुलं-मुली विचारतात, तिथे नेमकं विचारतात तरी काय? म्हणून हे लिहिते आहे.

अर्ज आणि ऑनलाइन चाचणी सोपी होती. अडलं ते अनुभवाच्या दाखल्यावर. एका जुन्या ठेकेदाराच्या ऑफिसात खेटे घालूनही सही मिळेना. शेवटी वर्क ऑर्डरच्या प्रती जोडल्या आणि त्या चालल्या.

खरा कस लागला लेखी प्रश्नात. वीस हजार माणसं रातोरात एका माळावर येऊन बसली आहेत, जवळ गढूळ नदी आहे, आराखडा करा. अशा वेळी जगभर 'स्फिअर'ची, म्हणजे मदतकार्यात किमान काय पुरवायचं याची, मानकं वापरतात. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९७ मध्ये त्यांचं काम सुरू केलं. माणशी रोज किमान १५ लिटर, म्हणजे तीन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या तीस खेपा. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, म्हणून ८० नळ. संडास सुरुवातीला पन्नास जणांमागे एक धरला तरी ४००, आणि पुढे वीस जणांमागे एक करत न्यायचा. नदीचं पाणी आधी तुरटीने निवळायचं, गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणायचा आणि मगच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. उन्हाळ्यात टँकर लावलेल्या आणि गावच्या जलसुरक्षकासोबत ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, घेतलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही.

दिल्लीतल्या मुलाखतीत या आकड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. माझ्या नकाशावरच्या संडासांच्या ओळीवर बोट ठेवून मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "रात्री दोन वाजता इथे एकटी बाई कशी येईल?" मला नरखेडकडचं एक गाव आठवलं. संडासाचं दार थेट रस्त्याकडे उघडायचं, म्हणून बायकांनी आत गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. मी तेच सांगितलं, आणि म्हटलं की जागा ठरवण्याआधी बायकांना विचारीन. मग बाकीचं सांगितलं: बायकांचे संडास वेगळे आणि पुरुषांच्या तिप्पट, आतून कडी, उजेड, आणि झोपडीपासून ५० मीटरच्या आत. छावणीत पाण्याला किंवा संडासाला जाणाऱ्या बायकांवर हल्ले होतात. नळाची जागा चुकली तर पाणी मुबलक असूनही त्या तिथे येत नाहीत. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी जबाबदारी हीच आहे.

पुढचा प्रश्न होता, "बंदूकवाल्याने टँकर अडवला आणि आधी आमचे ड्रम भरा म्हणाला, तर?" मी म्हटलं, ड्रायव्हरने वाद घालायचा नाही, जीव आधी. वाटप थांबवून वरिष्ठांना कळवायचं. पण लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलणी त्याच्या कितीतरी आधी झालेली हवीत. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेवर हल्ला करायला जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलने मनाई केली आहे, पण रस्त्यावरच्या नाक्यावर कलम वाचून दाखवता येत नाही. याची तयारी आपल्या खात्यात कुठेच होत नाही. नागपुरात १९५७ पासून आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. तिचं पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं आणि आता ते राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) अकादमीत विलीन झालं आहे. पण पाणीपुरवठ्यातलं माझ्या ओळखीचं कोणीही तिथे शिकायला गेलेलं नाही. जायला हवं.

शेवटी विषय मातीवर आला. काळ्या मातीत शोषखड्डा कसा टिकवाल? यावर विदर्भातल्या माणसाला काय सांगावं लागतं! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात माती फुगून खड्ड्याच्या भिंती आत येतात आणि पाणी मुरतच नाही. खड्ड्याला आतून बांधकाम हवं, तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर हवा, आणि तेवढी खोली मिळत नसेल तर संडासच उंच ओट्यावर घ्यायचा. हे मी भिवापूरकडे करून पाहिलं आहे.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा हा प्रश्न का विचारला ते कळलं. जागा होती दक्षिण सुदानमधलं बेंतिऊ. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी पेटली आणि लोक यूएनच्या तळावर आश्रयाला आले. पुढे तिथेच एक लाखाहून जास्त माणसांची छावणी झाली. सगळी जमीन काळी, चिकण. २०२१ च्या पुरानंतर तर भोवती बांध घालून पाणी थोपवावं लागलं.

जाणाऱ्यांनी पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवा केंद्रात लवकर टाकावा. पिवळ्या तापाची लसही लांबणीवर टाकू नये. एकदा घेतली की तिचं कार्ड जन्मभर चालतं, पण ते लागू होतं दहा दिवसांनी, म्हणून तिकीट त्यानंतरचंच काढा.