एक काथवट, तीन वयं

सोमवारी सकाळी ओट्यावर कणकेचे दोन गोळे झाकून ठेवले होते. एकात यीस्ट आणि चमचाभर साखर, दुसऱ्यात नुसतं पीठ-पाणी. धाकटी दर पाच मिनिटांनी फडकं उचलून बघत होती. ती पाच वर्षांची, मधला नऊ, मोठी तेरा. आमची शाळा वानवडीच्या आमच्या घरातच भरते, यंदाचं चौथं वर्ष.

धडा होता बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा बारावा अध्याय. इस्राएली लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघायची इतकी घाई, की पीठ फुगायला सवडच मिळाली नाही. लोकांनी कणीक काथवटीसकट कपड्यात बांधली, खांद्यावर टाकली आणि चालू लागले. आमच्याकडे सासूबाईंची काथवट आहे, नगरहून आणलेली, एका कडेला चीर गेलेली. धाकटीने ती माझ्या ओढणीत बांधून घेतली आणि स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारायला लागली. तिसऱ्या फेरीला थांबली.

"मम्मी, खूप जड आहे. त्यांनी ही तिथेच का नाही ठेवली?"

"मग पुढे गेल्यावर पीठ कशात मळणार?" मोठी म्हणाली.

मी काही बोलले नाही. घर सोडताना माणूस काय उचलतो, हे त्या दोघींना माझ्या समजावण्याशिवाय कळलं होतं.

मधल्याच्या हातात घड्याळ. मिसरातून निघाल्याची आठवण म्हणून ज्यू लोक वल्हांडणाचा सण पाळतात; त्या सणाच्या बेखमीर, म्हणजे न फुगवलेल्या, भाकरीला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते. आमच्या पहिल्या भाकरीला 21 मिनिटं लागली, दुसरी सोळाव्या मिनिटाला तव्यावरून उतरली. हा सण पाळणारी माणसं आजही पुण्यात आहेत, आणि कॅम्पातलं लाल देऊळ, 1867 चं, हे त्यांचं प्रार्थनास्थळ, हे सांगितल्यावर मुलं चकित झाली. बाजारात जाताना ती लाल विटांची उंच इमारत त्यांनी शंभरदा पाहिलेली.

तोवर दुसरा गोळा दुप्पट झाला होता. तो का फुगला, हे मोठीने वहीत लिहिलं: यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, गव्हातलं ग्लुटेन तो वायू जाळ्यासारखा धरून ठेवतं. ज्वारीत ते जाळं नसतं. म्हणून सासूबाई ज्वारीच्या पिठात गरम पाणी घालतात, त्याने पीठ चिकट होतं आणि भाकरी थापताना फाटत नाही. त्यांनी करूनच दाखवलं. थापता थापता म्हणाल्या, "आपली भाकर बेखमीरच की गं पहिल्यापासून." 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' हे आम्ही रोज रात्री प्रार्थनेत म्हणतो. मी लहानपणापासून म्हणत आले आहे. पण त्या दुपारी पिठाने माखलेल्या हातांनी आम्ही सहा जण ते म्हणालो, तेव्हा 'भाकर' या शब्दाशी माझा आवाज अडखळला.

पहिल्या वर्षी मी तिघांची तीन वेगळी वेळापत्रकं केली होती. दिवाळीपर्यंत सगळं कोलमडलं. एकाला शिकवताना दोघं ताटकळायची आणि बायबलवाचन रात्री नऊला, सगळे पेंगत असताना. त्या महिन्यांची मला अजून हळहळ वाटते. आता साडेअकरापर्यंत सगळ्यांचा विषय एकच, प्रत्येकाने आपल्या कुवतीचं काम उचलायचं. गणित आणि व्याकरण मात्र ज्याचं त्याला वेगळं. ते एकत्र होत नाही, माझं मत त्यावर ठाम आहे.

नोहाच्या तारवाच्या, म्हणजे बायबलमधल्या त्याच्या जहाजाच्या, धड्याच्या वेळी असंच झालं. तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. धाकटीचा भरला 28 सेंटिमीटर, मधल्याचा 36, मोठीचा 42. म्हणजे तिघांची तारवं 84, 108 आणि 126 मीटरची. सोसायटीतला रस्ता पुरला नाही, खडू घेऊन बाहेर गल्लीत जावं लागलं. एक हात साधारण 45 सेंटिमीटरचा धरतात, त्या हिशेबाने 135 मीटर. मोठीने घनफळ काढलं, 41,006 घनमीटर. मधला मात्र एकाच प्रश्नावर अडून बसला: नोहाचा हात कोणाएवढा होता?

नातेवाईक विचारतात, दहावीचं काय? एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, दहावीची परीक्षा चौदा पूर्ण झाल्यावर देता येते, मोठी ती देणार आहे. तयारी सुरू आहे.

गेल्या महिन्यात दौंडच्या गाडीने केडगावला गेलो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणलं. ते छापलं तिथल्याच छापखान्यात, आश्रमातल्या बायका-मुलींच्या हातांनी. भाषांतर पुरं करून 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

घरी आल्यावर बटाटे अर्धे कापून ठसे करायला बसलो. शब्द निवडला धाकटीने: भाकर. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं. मोठीचा 'भा' नीट उमटला, माझ्या मदतीने धाकटीचा 'क'सुद्धा. मधल्याने 'र' सुलटा कोरला, तो कागदावर उलटा उमटला. त्याने निमूटपणे दुसरा बटाटा घेतला.

"त्या बायकांना अख्खं बायबल उलटं वाचता येत असेल?" मोठीने विचारलं.

तीन अक्षरं कागदावर आली, पण तिघांच्या शिरोरेषा तुटक, वरखाली. धाकटीने पेन्सिल घेतली, जीभ दातांत धरली आणि तिन्ही अक्षरांवरून एक लांब रेघ ओढली.