भागीदारीतली जमीन आणि सातबाऱ्यावरचे नाव

जळगाव-भुसावळ पट्ट्यात चौघे मिळून प्लॉटिंगसाठी जमीन घेतात तेव्हा भावावर भरपूर घासाघीस होते. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हा प्रश्न मात्र चहासोबत उरकला जातो. १९३२ च्या कायद्याखालील भागीदारी संस्थेची देणी थकली तर भागीदारांच्या खासगी मालमत्तेवरही टाच येऊ शकते. २००८ च्या कायद्याने आलेल्या एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीत, जबाबदारी सामान्यतः भांडवलापुरती राहते, म्हणून माझा कल तिकडे आहे. अडचण एवढीच, की महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला, म्हणजे एलएलपीलाही, सर्वसाधारणपणे परवानगीशिवाय घेता येत नाही. मग ती शेतकरी भागीदाराच्या नावावर घेतली जाते. त्यात बेनामी व्यवहाराचा धोका तर असतोच, शिवाय त्याच्या पश्चात वारसनोंदीच्या फेरफारात फक्त त्याच्याच वारसांची नावे चढतात.