ऑनलाइन घेतलेले सायकलिंगचे कपडे परत करताना

मोठ्या शॉपिंग साइटवरून बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्ट्या येणारी, सायकलिंगची घट्ट चड्डी) मागवली की ती साइटनेच विकली असं आपण धरून चालतो. पण वस्तूच्या नावाखाली बारीक अक्षरांत विक्रेत्याचं नाव असतं आणि पैसे शेवटी त्याच्याकडे जातात. विकणारा एक, गोदामातून पाठवणारा दुसरा, पैसे सांभाळणारा तिसरा, असंही असतं. परत करायची वेळ आली की यांपैकी कोणाचे नियम लागू होतात यावर सगळं ठरतं. माल साइटच्या गोदामातून आला असेल तर बहुधा साइटचेच नियम चालतात आणि परतीचं लेबलही आयतं मिळतं. विक्रेत्याने स्वतः पाठवला असेल तर मुदत, परतीचा पत्ता, कुरिअरचा खर्च, रिफंडमधून होणारी कपात हे सगळं त्याच्या पानावर लिहिलेलं असतं. ऑर्डर देतानाच त्या पानाचा आणि साइज चार्टचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. हा मजकूर नंतर बदलू शकतो, आणि वाद झाला तर तुमच्या खरेदीच्या दिवशी तिथे काय लिहिलं होतं हे दाखवणारं दुसरं काही हाताशी नसतं.

एका ऑर्डरमध्ये जर्सी एका विक्रेत्याची, शॉर्ट्स दुसऱ्याची आणि ग्लोव्ह्ज तिसऱ्याचे असं सर्रास घडतं. सगळं एकाच खोक्यात घालून एकाच पत्त्यावर धाडलं तर एकाकडे भलताच माल पोहोचतो आणि बाकी दोघांच्या नोंदीत काहीच येत नाही. जितके विक्रेते तितकी पार्सलं करा. प्रत्येकाची रिटर्नची विनंती वेगळी नोंदवा आणि नंबर वेगळा घ्या.

आता कपड्यांकडे वळू, कारण खरी गडबड इथे होते. बिब शॉर्ट्समध्ये पॅड असतं आणि ती अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते. म्हणूनच विक्रेते स्वच्छतेचा मुद्दा काढतात. पॅडवर पारदर्शक स्टिकर असेल तर तो काढू नका. नसेल तरी आतून पातळ, स्वच्छ अंतर्वस्त्र घालूनच बिब घालून बघा. अंगाला सनस्क्रीन, तेल किंवा डिओडरंट लावलेलं नको. पांढऱ्या जर्सीच्या काखेत डिओडरंटचा पुसट पट्टा उठला तरी माल वापरलेला ठरतो. परत करायची शक्यता असेल तोवर कपडा धुऊ नका, कारण साबणाचा वास पाकीट उघडताच कळतो. टॅग कापू नका, आतल्या बाजूला वळवून ठेवा. लायक्राचा आणखी एक शत्रू म्हणजे वेल्क्रो. ग्लोव्ह्जच्या किंवा सॅडल बॅगच्या पट्टीला कापड एकदा घासलं तरी धागा उपसला जातो. अंगठी काढून ठेवा आणि बिब चढवताना नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी ओढा.

घालून बघितल्यावर आरशासमोर सरळ उभं राहून मत बनवू नका. बरेच चांगले कपडे या एका चुकीपायी परत जातात. उभं राहिलं की बिबच्या पट्ट्या खांद्यावर ओढतात, जर्सी पुढून आखूड आणि मागून लांब वाटते. रेस फिटचा कपडा हँडलबारवर वाकलेल्या अंगासाठी बेतलेला असतो, त्यामुळे उभ्याने तो तसाच वाटणार. सायकल भिंतीला टेकवा, चेनवर जुनं फडकं टाका, सॅडलवर स्वच्छ टॉवेल घाला आणि नेहमीच्या पोझिशनमध्ये पाचेक मिनिटं बसा. पट्ट्या सैल पडायला हव्यात. पॅड अंगाला चिकटून राहायला हवं. त्यात घडी पडत असेल किंवा पॅड आणि अंग यांत पोकळी राहत असेल तर साइज मोठी आहे. मांडीवरच्या ग्रिपरखाली, म्हणजे कड धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली, एक बोट सहज सरकायला हवं. जर्सीच्या मागच्या खिशात फोन ठेवून वाका. खिसा पाठीवरून बाजूला लोंबत असेल तर एक साइज लहान घेऊन बघण्यात अर्थ आहे. बाहेर चक्कर मात्र मारू नका, घरात सायकल जागेवर चालवायच्या ट्रेनरवरही नको. दहा मिनिटांच्या पेडलिंगनेसुद्धा मांडीच्या आतल्या बाजूला कापड चमकू लागतं किंवा त्यावर बारीक गोळे येतात, आणि तपासणारा माणूस आधी तिथेच बघतो.

घालण्याआधी दोन मिनिटं कपडा उलटा करून बघा. पॅड मधल्या शिवणीला धरून दोन्हीकडे सारखं बसलंय का? तिरकं शिवलेलं पॅड लांबच्या राइडला हमखास कातडी सोलतं. मागच्या बाजूचं कापड दोन हातांनी ताणून उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर वाकल्यावर ते पारदर्शक होणार. झिप पाच-सहा वेळा वर-खाली करा.

साइजच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा चार्टमध्ये असतं. एक चार्ट शरीराच्या मापांचा असतो, दुसरा कपड्याच्या मापांचा, आणि विक्रेता यातला कोणता दिलाय हे धड सांगत नाही. छाती 96 सेंटीमीटर असेल आणि चार्टमध्ये 44 दिसत असेल तर ते सपाट पसरलेल्या कपड्याचं, काखेपासून काखेपर्यंतचं माप आहे. दुप्पट केलं की 88 होतात. ताणल्या जाणाऱ्या जर्सीत छातीपेक्षा एवढं कमी माप ठीकच असतं. हेच गणित न ताणणाऱ्या रेन जॅकेटला लावलं तर झिप लागणारच नाही. त्यात आशियाई साइजिंगचे कपडे युरोपीय साइजिंगपेक्षा एक, कधी दोन साइज लहान येतात, त्यामुळे अक्षरावर न जाता सेंटीमीटरवर जा.

हाच टेप पुढे पुराव्याच्या कामी येतो. जर्सी टेबलावर सपाट पसरा, न ताणता काखेच्या शिवणीपासून काखेच्या शिवणीपर्यंत टेप लावा आणि आकडा वाचता येईल असा फोटो काढा. हाताने मोजताना एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होणारच असं चार्टखाली बहुधा लिहिलेलं असतं. 44 ऐवजी 43 भरलं तर तक्रार टिकत नाही. 40 भरलं तर ती वस्तू वर्णनाप्रमाणे नाही आणि प्रकरण वेगळ्या खात्यात जातं.

या खात्याचा म्हणजे रिटर्नच्या कारणाचा नीट विचार करा. 'आवडलं नाही' किंवा 'साइज चुकली' असं निवडलं तर परतीचा खर्च बहुधा तुमच्यावर येतो. 'सदोष' किंवा 'वर्णनाप्रमाणे नाही' असेल तर साधारणपणे विक्रेत्यावर. म्हणून धडधाकट मालाला सदोष म्हणण्याचा मोह होतो. तसं करू नका. फोटो मागितले की खोटं उघडं पडतं, खात्यावर शेरा बसतो, आणि पुढच्या खऱ्या तक्रारीकडे कोणी लक्ष देत नाही. उलट माल खरंच चुकीचा आला असेल तर भिडेखातर 'आवडलं नाही'वर टिक करून स्वतःच्या खिशाला चाट लावू नका.

निरोप साइटच्या मेसेजमधूनच पाठवा. चॅट अ‍ॅपवर किंवा ईमेलवर झालेलं बोलणं वादात बहुधा धरलं जात नाही. मजकूर कोरडा आणि मोजका असू दे: 'ऑर्डर नंबर अमुक. बिब शॉर्ट्स, साइज एम, काळी. पानावर पॅड जेलचं असल्याचं लिहिलं होतं, आलेलं पॅड साध्या स्पंजचं आहे. सोबत चार फोटो: पाकिटावरचं लेबल, आतलं लेबल, पॅडची वरची बाजू, पॅडची कड. कपडा वापरलेला नाही, टॅग लागलेले आहेत. पूर्ण रिफंड आणि परतीचं लेबल हवं आहे.' राग, धमकी, वाईट रेटिंगचा उल्लेख यातलं काही नको. साइटवरचा माणूस हे वाचेल तेव्हा त्याला अर्ध्या मिनिटात निकाल देता यायला हवा.

परदेशी विक्रेत्याकडून ठरलेलं उत्तर येतं: वस्तू ठेवून घ्या, आम्ही काही टक्के परत देतो. नकार दिला की टक्केवारी चढते. परतीचा खर्च कपड्याच्या किमतीजवळ जात असेल आणि कपडा थोडाफार वापरता येणार असेल तर हा सौदा वाईट नाही. जर्सीचा रंग थोडा वेगळा आला तर घ्यावा. पॅड तिरकं असेल तर अजिबात घेऊ नये, कारण ती बिब कपाटातच पडून राहील. मात्र पैसे हातात येईपर्यंत तक्रार बंद करू नका. 'आधी तक्रार मागे घ्या, मग देतो' म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या, कारण बंद केलेली तक्रार बऱ्याच ठिकाणी पुन्हा उघडता येत नाही. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर पैसे भरल्यापासून 180 दिवसांत वाद नोंदवता येतो, आणि नोंदवल्यावर 20 दिवसांत तो दाव्यापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो. लांबून येणारं पार्सल महिना-दीड महिना घेतं. पैशांच्या संरक्षणाची मुदत पैसे भरल्यापासून धावत असेल तर तेवढे दिवस आधीच गेलेले असतात.

कायद्याचा आधार देशागणिक बदलतो. युरोपीय महासंघात व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेला माल 14 दिवसांत कारण न देता परत करता येतो. स्वच्छतेसाठी सील केलेल्या वस्तूचं सील फोडलं तर हा हक्क उरत नाही. पण 2019 साली गादीच्या एका खटल्यात तिथल्या न्यायालयाने प्लास्टिकचं आवरण काढलेली गादीही परत करता येईल असं ठरवलं. त्यासाठी तुलना दिली ती कपड्यांची: अंगाला लागले तरी ते साफ करून पुन्हा विकता येतात. विकणारी खासगी व्यक्ती असेल तर मात्र हा हक्क लागू नाही. आणि नावासह छापून घेतलेली क्लबची जर्सी जवळपास कुठेच परत घेतली जात नाही.

पॅकिंग करताना बिब मूळ पिशवीतच घाला. पॅडची कडक घडी घालू नका, पॅड सपाट ठेवून पाय त्यावर दुमडा. आत ऑर्डर नंबर आणि रिटर्न नंबर लिहिलेला कागद टाका. पाकीट बंद करण्याआधी सगळ्या मालाचा एक फोटो काढा. पार्सल काउंटरवर वजन करूनच द्या आणि वजन छापलेली पावती जपा. 'पाकीट रिकामं आलं' असं विक्रेता म्हणाला तर त्या पावतीइतकं उपयोगाचं दुसरं काही नसतं. ट्रॅकिंगशिवाय काही पाठवू नका. पत्ता रिटर्नच्या फॉर्मवर आहे तोच लिहा. विक्रेत्याने मेसेजमधून दुसरा पत्ता दिला तर तो आधी साइटकडून फॉर्ममध्ये बदलून घ्या.

पार्सल सीमेपलीकडे जाणार असेल तर पोस्टाच्या सीएन 22 या कस्टम्सच्या फॉर्मवर परत जाणाऱ्या मालाचा वेगळा चौकोन असतो. त्यात खूण करा आणि किंमत ऑर्डरवरची खरीच लिहा. खूण करायची राहिली तर विक्रेत्याकडे आयात शुल्क मागितलं जातं, तो पार्सल नाकारतो आणि ते तुमच्याकडे उलटं फिरतं. येताना तुम्ही भरलेलं शुल्क विक्रेता देत नाही. ते परत मिळण्याची सोय असेल तर कस्टम्सकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

नकली माल आल्याची शंका असेल तर लगेच पाठवू नका. प्रसिद्ध टीमच्या जर्सीत हे फार होतं. छपाईच्या कडा फुटलेल्या, धुण्याच्या सूचनांचं लेबल कोरं किंवा चुकीच्या स्पेलिंगचं, पॅडवर ब्रँडचं नाव पण रचना भलतीच, या खुणा बघा. फोटो काढून साइटला लेखी विचारा की माल परत पाठवायचा की नाही. नकली माल कस्टम्समध्ये जप्त होऊ शकतो, आणि मग पोहोचल्याची नोंद कधीच होत नाही.

काही राइडनंतर शिवण उसवली किंवा पॅडचे थर सुटले तर तो रिटर्नचा नाही, वॉरंटीचा विषय आहे. बरेच ब्रँड अधिकृत विक्रेत्याचं बिल असेल तरच दाद देतात, म्हणून बिल मागून घ्या. तिथे धुण्याबद्दल विचारतात. 30 अंशांच्या पाण्यात, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता, ड्रायरशिवाय वाळवलेला कपडा असेल तर तुमची बाजू भक्कम राहते. दोषाचा फोटो लेबलासकट काढा.

रिफंड मूळ कार्डावर किंवा खात्यावरच येतो. त्यासाठी कोणी ओटीपी किंवा नव्याने बँकेचे तपशील मागितले तर ती फसवणूक समजा. परकीय चलनात भरलेली रक्कम रिफंडच्या दिवशीच्या दराने परत येते, त्यामुळे आकडा थोडा वेगळा दिसेल. तफावत त्याहून मोठी असेल तर कपात कशाची ते लेखी विचारा, आणि सुरुवातीला घेतलेला तो स्क्रीनशॉट सोबत जोडा.