पद्मिनीचा डावा पंख

पद्मिनी सगळ्यांनी पाहिली आहे, पण टॅक्सी म्हणून. वर पिवळी, खाली काळी. काळ्यावर कडेची सावली उमटत नाही, आणि या गाडीची शान त्या कडेतच आहे. मागच्या दारामागे खांदा हळूच वर चढतो आणि टेललॅम्पवर टोक काढून थांबतो. पंख म्हणायचा तो एवढाच. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांसारखा विमानाचा आव नाही. मूळची फियाट 1100 डी, 1964 पासून कुर्ल्यात प्रीमियरने बनवलेली, 1974 पासून नाव पद्मिनी.

परवा आमच्या गॅरेजमध्ये एक क्रीम रंगाची आली. काम सांगितलं होतं फक्त रंगाचं. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक डाव्या पंखावर फिरवला, तर टोकाकडच्या वीतभर जागेत तो चिकटेचना. खरवडलं, तर 11 मिमी पुट्टी, म्हणजे खड्डा बुजवायचा लेप! खाली पोचा तसाच. पत्रा बाहेर काढायचे कष्ट कुणी घेतलेच नव्हते. पुट्टी 2-3 मिमीच्या वर गेली की हादऱ्याने तडकते, तड्यातून पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो. आमच्या धंद्यात हे डेंटिंग म्हणून खपतं, हा खरा राग.

पोचा काढताना आतून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून हलक्या हाताने ठोकायचं आणि सुरुवात काठापासून करायची. थेट मधोमध ठोकलं की पत्रा ताणतो आणि डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. गंजलेला तुकडा कापून नवा बसवला. वेल्डिंगचे टाके लांब लांब मारले, मध्ये थंड होऊ दिले. सलग मारले तर लाट येतेच.

आकारासाठी उजव्या पंखावर पुठ्ठा धरून साचा कापला आणि उलटा करून डावीकडे लावला. टेललॅम्प ठेवून पाहिला, तर वरच्या बाजूला पोस्टकार्ड जाईल एवढी फट. मग उजवीकडे चुंबक फिरवला. तिथेही पुट्टी! ज्याला अस्सल धरलं तोच नकली. हे आधी तपासायला हवं होतं.

दुसऱ्या एका पद्मिनीवरून साचा घेतला, तो आणखी 4 मिमीने वेगळा. शेवटी टेललॅम्पची चौकटच प्रमाण मानली, कारण तिला कुणी ठोकलेलं नसतं. दाराच्या कडेपासून चौकटीपर्यंत दोरी ताणली आणि कड तिच्यावर आणली. वर पुट्टी जेमतेम 1 मिमी. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर तिच्या वजनाच्या 2 टक्के. अंदाजाने जास्त घातला की रंगातून डाग वर येतो. लांब ठोकळ्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, 320. नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात, आणि ते रंग चढल्यावरच दिसतात. शेवटी कडेने ट्यूबलाइट धरली. तिचं प्रतिबिंब दारापासून टोकापर्यंत कुठेही न मोडता गेलं.

मालकांना म्हटलं, "साहेब, उजवी बाजूही खोलू या." ते सीटकव्हरचे नमुने बघत होते. म्हणाले, "दोन्ही बाजू एकदम कोण बघतंय?"

गाडी तशीच गेली. चौकटीवरून कापलेला पुठ्ठा खिळ्याला टांगून ठेवला आहे.