माहितीची भिशी

रविवार, ५ ऑक्टोबर

आज सातजणांची तिसरी बैठक झाली. बैठक म्हणजे काय, तर रात्री नऊला आपापल्या घरी मोबाइल डब्याला टेकवून बसायचं. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या मावसभावाकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे तो एकटाच ताजातवाना. बाकी सगळे जांभया देत.

विषय डोमेन. वेबसाइटची नावं घेऊन ठेवायची आणि कुणाला हवी झाली की विकायची. आम्ही सातहीजण हे आपापल्या कोपऱ्यात बसून, घरच्यांना फारसं न सांगता करत होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिओहॉटस्टारची बातमी आली. दिल्लीच्या एका तरुणाने ते नाव आधीच घेऊन ठेवलेलं आणि त्याच्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितलेला. तेव्हा सगळ्यांच्याच घरी विषय निघाला, "तुझ्याकडे आहे का असं एखादं?" कंपनीने त्याची मागणी मान्य केली नाही, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने दोन हजार कार्डांवर वेबसाइटचं नाव छापून घेतलं आणि मग विचारलं, "ताई, हे चालू कुठून करायचं?" त्याने नाव घेतलेलंच नव्हतं. मी बघितलं, शिल्लक होतं, घेऊन दिलं. त्या दिवसापासून नाद लागला. आज माझ्याकडे चौदा नावं आहेत आणि सहा वर्षांत विकलं गेलं एक. अठरा हजाराला. त्या अठरा हजारांवर मी इतकी वर्षं मिरवते आहे.

पुतण्या म्हणाला, "काकू, सगळ्यांनी आपापलं खरं एका शीटमध्ये मांडूया. एकट्याला जे कळायला सहा वर्षं लागतात ते सातजणांना सहा आठवड्यांत कळेल." साहेबांना (बँकेतून निवृत्त झाले तरी आम्ही साहेबच म्हणतो) कल्पना एकदम पटली. "म्हणजे माहितीची भिशी," ते म्हणाले. "पण हप्ता चुकवायचा नाही."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

शीट भरली. रकाने साहेबांनी आखले: नाव, कधी घेतलं, आजवर किती भरले, कुणी विचारलं का, शेवटी काय झालं. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "काही नाही".

सातजणांची मिळून एकशे साठ नावं. विकली गेलेली पाच. सरासरी तीन वर्षांचे पैसे भरलेले, म्हणजे सव्वापाच लाख गेले आणि पावणेदोन लाख आले. बेरीज झाली तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग रत्नागिरीच्या वहिनी म्हणाल्या, "मला वाटत होतं मी एकटीच येडी." सगळे इतके हसले की नातू उठला त्यांचा.

एवढी वर्षं मी काय वाचत होते? व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं. बिझनेस डॉट कॉम दीड लाख डॉलरला घेतलेलं, दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, पंचाहत्तर लाखांना विकलं. विक्रीच्या याद्या असतात, त्यात रोजची नवी नावं पडतात, मी चहाबरोबर बघते. साहेब म्हणाले, ही लॉटरीच्या दुकानावरची पाटी झाली. 'आमच्याकडे पहिलं बक्षीस लागलं' असं लिहिलेलं असतं, न लागलेल्या तिकिटांचा ढीग मागच्या बाजूला. खरंच आहे. न विकल्या गेलेल्या नावांची यादी कोण छापणार? ती आता आमच्याकडे आहे, एकशे पंचावन्न ओळींची.

दुसरं एक साहेबांनीच डोक्यात घातलं. आपण 'डोमेन विकत घेतलं' म्हणतो ते चूक. हा प्लॉट नाही, भाडेपट्टा आहे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. भाडं थांबलं की जागा गेली. आणि भाडं वाढतंही. डॉट कॉमची सगळी नावं वेरीसाइन नावाची कंपनी सांभाळते, तिचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ पासून दहा डॉलर सव्वीस सेंट झाला, त्यावर मधल्या दुकानदाराचा नफा. पहिल्या वर्षाची जाहिरात स्वस्त असते, खरा दर दुसऱ्या वर्षी कळतो. १९९५ पर्यंत हे फुकट मिळत होतं म्हणे. साहेब म्हणाले, "पंच्याण्णव साली मी शाखेत लेजर उचलत होतो. मला कुणी सांगितलं असतं तरी मी फॉर्मची तिसरी प्रत मागितली असती."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दुकान बंद करून शीटवर बसले. आज नाशिकच्या मैत्रिणीने तिची गोष्ट लिहिली आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते आहे.

तिच्या क्लासचं नाव, सात वर्षं वापरातलं. पैसे आपोआप कापले जायचे. कार्डाची मुदत संपली, आठवणीचे मेल जुन्या नोकरीतल्या पत्त्यावर जात राहिले. एका पालकाने फोन केला, "मॅडम, साइटवर कसल्या जाहिराती येतायत?" तोवर पन्नास दिवस उलटले होते. मुदत संपल्यावर साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नाव परत मिळू शकतं. पुढचे तीस दिवस सोडवून घेण्याचे, त्याला दंड. शेवटचे पाच दिवस कुणाच्याच हातात काही नसतं, नाव नुसतं पडून असतं, आणि मग मोकळं होतं. ती मधल्या तीस दिवसांत होती. नेहमीच्या सात-आठपट भरून सुटली.

तिने हे हळहळत लिहिलं आणि खाली पुतण्याने लिहिलं, "मावशी, आपण ज्यांची वाट बघतो ती 'सुटलेली नावं' म्हणजे तुमच्यासारख्यांचीच असतात." वाचून जरा खट्टू झाले. खोटं नव्हतं ते. मीही दोन नावं अशीच घेतली आहेत. कुणाचं तरी कार्ड संपलं असेल.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजच्या बैठकीत आधी कायद्याचं. मावसभावाने एका मोठ्या ब्रँडच्या नावात एक अक्षर फिरवून नाव घेतलं होतं. वकिलाचं पत्र आलं, घाबरून देऊन टाकलं. आम्हाला वाटायचं इथे भारतात कोण विचारतंय. पण याहूच्या नावापुढे 'इंडिया' जोडणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच थांबवलं होतं, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेनच्या नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं. डोमेनच्या तंट्यांच्या आंतरराष्ट्रीय लवादात तीन गोष्टी बघतात: नाव चिन्हाशी मिळतंजुळतं आहे का, तुमचा त्यावर खरा हक्क आहे का, आणि वाईट हेतूने घेतलंत का. तक्रार करायलाच दीड हजार डॉलर लागतात, पण मोठ्या कंपनीला ते कितीसे? एकशे साठमधली एकोणीस नावं लाल केली. त्यातली चार माझी.

मग पुतण्याने एक सुटलेलं नाव आणलं. शाळेच्या नावासारखं, देखणं, जुनं. वहिनी तर लगेच तयार. तो म्हणाला, थांबा, आणि वेबसाइटची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये त्याची पानं उघडली. २०११ मध्ये कुठल्यातरी संस्थेचं पान, झाडाखाली बसलेली मुलं. २०१६ मध्ये कोरं. २०१९ मध्ये तेच नाव, आणि परक्या लिपीतला जुगाराचा अड्डा, सोन्याची नाणी उडतायत. जागा घेण्याआधी सातबारा बघतो तसं हे. हा धडा एकट्याने शिकायचा तर आधी पैसे घालवावे लागतात.

शेवटी हळदीचं नाव निघालं. इथे लिहीत नाही. दोन शब्द, सोपे, कॉम. सांगलीची हळद म्हटल्यावर मला राहवेना. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, बाहेर जाणारा माल, कुणीतरी घेणारच. तासगावच्या बेदाणेवाल्या पोराने पाणी ओतलं. "काकू, आमच्या अडतीत वेबसाइट कुणाची आहे? व्हॉट्सअॅपला मालाचा फोटो टाकला की सौदा. हे नाव अडत्या नाही घेणार, पुडीत भरून परदेशात विकणारा घेईल. त्याला शोधावं लागेल." सहा वर्षांत मला हा साधा प्रश्न पडला नव्हता की गिऱ्हाईक कोण. ठरलं असं, की आठवडाभर विचार करून पुढच्या रविवारी घ्यायचं की नाही ते बघू. दहा पंचवीसला फोन ठेवले.

सोमवार, १३ ऑक्टोबर

हळदीचं नाव गेलं.

सकाळी दुकानात सहज तपासलं तर 'उपलब्ध नाही'. पुतण्याला कळवलं. त्याने नोंद काढली. मालकाचं नाव झाकलेलं, ते आता बहुतेकांचं झाकलेलंच असतं. पण नाव कधी घेतलं ती वेळ दिसते. जागतिक वेळेप्रमाणे १२ ऑक्टोबर, १७ वाजून १२ मिनिटं. त्यात साडेपाच तास मिळवायचे. रात्रीचे दहा बेचाळीस.

आम्ही फोन ठेवल्यानंतर सतरा मिनिटांनी.

जगात कुणालाही तेव्हाच सुचू शकतं, असं मी स्वतःला दोनदा सांगून बघितलं. ते नाव इतकी वर्षं पडून होतं, आणि नेमकं त्या सतरा मिनिटांत सुचलं. शीटवर दिवसभर कुणी आलं नाही. एरवी सकाळी आठला साहेबांची बेरीज पडलेली असते.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत मुलीचं आडनाव चुकलं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दिवाळीचं काम, डोकं वर काढायला वेळ नाही. उद्याची बैठक नाही असा निरोप मीच टाकला. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

मनात एकेकाला तपासून झालं. पुतण्या नसेल, तो रात्री कामावर असतो. मग त्याच्यासमोर तर संगणक उघडाच असतो की. वहिनींना स्वतःहून नाव घेता येत नाही, मुलगा घेऊन देतो. मावसभाऊ? कुणावर संशय घेताना आपण किती हुशार होतो.

भाऊबीज, २३ ऑक्टोबर

पुतण्या पुण्याहून आला होता, बेदाणेवाला पोरगा फराळाला आला, साहेब विश्रामबागेहून चालत आले. बाकीचे फोनवर. हळदीचा विषय काढायचा नाही असं न बोलता ठरलेलं. म्हणून मी खोकं काढलं.

दुकानात प्रत्येक कामाचं एक कार्ड मी जपून ठेवते. ते सगळं जमिनीवर ओतलं. कारण शीटमध्ये एक भांडण अर्धवट होतं, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लोक लिहितात कसे? ज्याच्या डोक्यात जे स्पेलिंग, तेच तो टाइप करणार, आणि आपलं नाव वेगळ्या स्पेलिंगचं असलं की मेलं. 'श्री'ला दोन ई लावतात की एक आय? माझ्या ढिगात दोन ईवाले भरपूर पुढे. वडापावला व्ही की डब्ल्यू? हातगाडीवाला डब्ल्यू लावतो, हॉटेलवाला व्ही. भिशीत एस आणि आय यांच्या मध्ये एच हवा की नको, यावर साहेब आणि मावसभाऊ दहा मिनिटं भांडले. 'ळ'चं तर कुणालाच काही करता येत नाही, पुरणपोळीचा एल होतो आणि अमराठी माणूस ती 'पोली' वाचतो. नाशिकची मैत्रीण म्हणाली, मुलं व्हॉट्सअॅपवर 'आहे'चा नुसता एएच करतात. पोरं मोठी होऊन धंदे काढतील तेव्हा आपलं जपलेलं स्पेलिंग काय कामाचं?

वहिनी म्हणाल्या, मग सरळ देवनागरीच घ्या. त्यांच्याकडे डॉट भारतची सहा नावं आहेत. २०१४ पासून देवनागरीत मिळतात, आतून त्यांचं एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं विचित्र सोंग असतं, पण दिसतात गोड. सहाच्या सहांना आजवर एकानेही विचारलेलं नाही. त्या सोडायच्या म्हणत नाहीत. त्यावर कुणी हिशेबही काढला नाही.

मग साहेबांनी करंजी खाली ठेवली. "ते हळदीचं मी घेतलंय."

पुतण्याने माझ्याकडे बघितलं, मी कार्डांकडे.

"घेताना मनात होतं की दुसऱ्या कुणी घेऊ नये, सगळ्यांसाठी ठेवावं. दुसऱ्या दिवशी शीट उघडली, लिहायला हात उचलेना. मग वाटलं, आता सांगितलं तर कोण मानेल की सगळ्यांसाठीच घेतलं होतं." जरा थांबून म्हणाले, "मलाच नक्की सांगता येत नाही."

बेदाणेवाला पोरगा म्हणाला, "साहेब, किती भरले? सातांत वाटून घेऊ." बाराशे होते. प्रत्येकी एकशे एकाहत्तर रुपये. साहेबांनी वहीत लिहून घेतले, त्यांच्या अक्षरात, रुपयापुढे पैसेही. नवा नियम झाला: शीटमध्ये किंवा बैठकीत निघालेलं नाव सगळ्यांचं. भिशीत पहिला हप्ता उचलणारा पळत नाही, कारण तो गल्लीतच राहतो. आम्ही सातजण असे विखुरलेले.

रविवार, २ नोव्हेंबर

लाल केलेली सगळी नावं आणि आणखी पन्नास सोडायची ठरली. मुदत येईल तशी जातील. माझी चौदांची सहा राहतील. त्या पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव अजून मीच भरते, तो विसरून गेला आहे. त्याच्या कार्डावर मात्र अजून तेच छापते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

रात्रीचे सव्वाअकरा. सुटणाऱ्या नावांची यादी चाळत होते. एक मराठी शब्द, पाच अक्षरं, कॉम. स्पेलिंग एकच होऊ शकतं, वाद घालायला जागा नाही. कायद्याचं काही नाही. जुनी पानं बघितली, कुठल्याशा शिलाई क्लासचं साधं पान, पुढे काही नाही. गिऱ्हाईक कोण तेही मला दिसतंय, तिघांची कार्डं मीच छापते.

शीट उघडली. शेवटच्या ओळीखाली नाव टाइप केलं. मग पुसलं.

शेवटच्या पाच दिवसांत आहे ते. सोमवारी मोकळं होईल. रविवारी बैठक आहे.