एका शब्दावरून

सरांनी एकच शब्द खोडला. आकृतीच्या शीर्षकात मी 'डॅमेज' लिहिलं होतं, त्यावर काट मारून वर 'ब्रेक' लिहिलं आणि कागद परत दिला. बाकी ठीक आहे म्हणाले. ठीक म्हटल्यावर माणसाने खूश व्हायचं असतं. मी संध्याकाळपासून त्या काटेकडे बघत बसलेय.

चार महिने त्याच आकृतीतले ठिपके मोजतेय, तुटलेल्या डीएनएच्या जागा दाखवणारे. सी. एलेगन्स या इवल्याशा गोलकृमीची अळी अंड्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या अंगात साडेपाचशेच्या आसपास पेशी असतात. त्यातल्या दोनच, झेड-२ आणि झेड-३, पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेल्या. गर्भ जेमतेम शंभरेक पेशींचा असताना या दोघी जन्मतात आणि मग गप्प. विभाजन नाही, जनुकं जवळपास बंद, क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, घट्ट आवळलेलं. अळीला उपाशी ठेवलं तर कित्येक दिवस तशाच बसून राहतात. बॅक्टेरिया खायला मिळाले की काही तासांत जाग येते. आणि त्याच सुमारास रॅड-५१ या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाचे ठिपके दिसायला लागतात, म्हणजे डीएनए तुटलाय आणि दुरुस्तीची मंडळी कामाला लागलीयेत.

ते बघून मी हळहळायचे. खरंच. आत्ता कुठे घास मिळाला, तर लगेच ही मोडतोड! २०१५मध्ये मांडणीही साधारण तशीच होती, जनुकं चालू झाल्यामुळे गुणसूत्रांना इजा होते अशी. २०१८च्या एका पेपरने क्रम उलटला. तुटणं आधी, जाग नंतर. टोपोआयसोमरेज-२ हे एन्झाइम डीएनएचे धागे मुद्दाम कापतं, आवळलेलं सैल होतं, मग जनुकं वाचली जायला लागतात. हा पेपर मला तोंडपाठ आहे, त्यावर सेमिनार दिलाय मी. तरी लिहायला बसले की हात 'डॅमेज'कडेच वळतो. हेच टोचतंय.

सरांना वाटलं असेल, हिला अजून कळलंच नाही. कळलंय हो! पण इतकी वर्षं घालवून लक्षात काय राहणार, तर शीर्षकातली चूक. मधलं ते एक वर्ष तर... जाऊ दे, त्याबद्दल आज नाही लिहायचं. आईचा फोनही उचलला नाही.

गंमत म्हणजे हाच शब्द मी दुसरीकडे वापरत नाही. याच दोघींच्या वंशजांमध्ये पुढे मायोसिसच्या वेळी, म्हणजे बीजपेशी बनवणाऱ्या विभाजनात, स्पो-११ हे एन्झाइम डीएनए जागोजागी कापतं. तिथे मी सरळ 'ब्रेक' लिहिते, जीव अजिबात हळहळत नाही. ते पाठ्यपुस्तकात आहे ना! पुस्तकात छापलं की तुटणं रीतसर होतं, आणि माझ्या स्लाइडवर दिसलं की बिचारं.

आणि एक सरांना विचारायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही. रॅड-५१चा ठिपका एवढंच सांगतो की इथे दुरुस्ती चाललीय. कोणी कापलं, ठरवून की चुकून, ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं. एका पेशीत चार ठिपके असले तर चारही ठरवूनच कापलेले कशावरून? एखादा आपला नुसताच तुटला असेल. त्यामुळे सरांचा 'ब्रेक' बरोबर आहे, कारण तो कोणाची बाजूच घेत नाही. मी चार महिने बाजू घेत होते, तीही मिलिमीटरभर नसलेल्या अळीची.

हे लिहिताना हसूच आलं.

उद्या सकाळी उपाशी अळ्यांची नवी बॅच खायला घालायची आहे, गजर लावून ठेवलाय. शीर्षक बदललं. एक्सेलमधल्या कॉलमचं नाव मात्र अजून 'डॅमेज'च आहे. राहू दे, सर एक्सेल उघडत नाहीत.